भंडारदऱ्याच्या काठी तंबूतली रात्र : पाहुण्यांनी काय पाहावे, काय जपावे

वाचकहो, एखाद्या शनिवारी दुपारी घोटीहून शेंडीकडे जाणाऱ्या रस्त्याला बारी गावाशी जरा उभे राहून बघा. एमएच-०४, एमएच-१५, एमएच-१२ अशा नंबरांच्या गाड्या एकामागून एक पुढे जाताना दिसतील. आत चार-सहा तरुण पोरे, नाहीतर पोराबाळांसह एखादे कुटुंब. ही मंडळी लग्नाला निघालेली नाहीत की देवाला. अकोले तालुक्यातल्या भंडारदरा धरणाच्या काठी तंबूत एक रात्र काढायची, पहाटे पाण्यावरचे धुके बघायचे आणि रविवारी संध्याकाळी घर गाठायचे, एवढाच बेत.

एके काळी उघड्यावर निजणे ही गरिबाची गोष्ट होती. मेंढरांमागे फिरणारा धनगर, फडावरचा ऊसतोड्या, पायी यात्रेला निघालेला माणूस, यांनाच आभाळाचे पांघरूण माहीत. आता शहरातला माणूस त्याच गोष्टीसाठी पैसे मोजतो. यात हसण्यासारखे काही नाही. चार भिंतींत कोंडलेल्या जिवाला चांदण्या बघाव्याशा वाटणारच. त्याच्या हौसेने डोंगरातल्या घरात चार पैसे येत असतील, तर दुधात साखर. पण हौस एकाची आणि झळ दुसऱ्याला, असे होऊ लागले की विचार करावा लागतो. काठाचे शेत, पाण्यातली मासळी आणि रानातले काजवे ही तिथल्या माणसांची ठेव आहे. तिला धक्का न लावता रात्रभर राहून परत कसे यावे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पाणी खालच्यांचे, काठ वरच्यांचा

तंबूत शिरण्याआधी आपण कुठे आलो आहोत, हे समजून घेतलेले बरे. भंडारदऱ्याचे धरण ब्रिटिश अमदानीतले. काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन डॅम म्हणू लागले. बांधणी दगडी, उंची २७० फूट, साठवण ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. म्हणजे आपल्या बोलण्यातले अकरा टीएमसी. प्रवरा नदी रतनगडाच्या कुशीत जन्म घेते आणि चार पावले चालते न चालते तोच या भिंतीशी अडते.

हे पाणी मुख्यतः काठावरच्या गावांसाठी अडवलेले नाही. ते भिंतीतून निघून खाली जाते आणि कालव्यांनी अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांत पोचते. त्याच पाण्यावर खालच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. सहकाराची ती गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही पोचली. ज्या खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली, त्या खोऱ्याची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

रतनवाडी, मुतखेल, कोलटेंभे, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद ही पाणलोटातली गावे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. इंग्रजांविरुद्ध उठलेला आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेला राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचा. पाऊस इथे असा कोसळतो की घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण म्हण जुनीच चालू आहे. एवढा पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात डोंगरातल्या वाड्यांवर हंड्यांची रांग लागते, कारण पाणी खोल गेलेले असते आणि वस्ती वर. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथल्या बायाबापड्यांना समजावून सांगावी लागत नाही.

तेव्हा मे महिन्यात तंबूवर गेलात आणि मालकाने आंघोळीला एकच बादली दिली, तर कपाळाला आठ्या घालू नका. ती बादली कुणीतरी चढ चढून आणलेली असते, नाहीतर टँकरच्या पाण्यातून काढून ठेवलेली असते.

जावे कधी

बारा महिन्यांत तंबूचे खरे दिवस दोनच. पहिले ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे. तेव्हा धरण भरलेले असते, आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ असते आणि सोनकीची पिवळी फुले उतारावर अजून टिकून असतात. नवरात्रात गेलात तर कळसूबाईची यात्राही घडेल. राज्यातले हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पायथा बारी गावात, म्हणजे तुमच्या वाटेवरच. पौष-माघात पाण्याकाठी थंडी हाडात शिरते, म्हणून जाड घोंगडी किंवा ब्लँकेट बरोबर हवेच. तंबूतला पातळ गादीचा तुकडा खालचा गारठा अडवत नाही. अंगावर दोन पांघरुणे घेण्यापेक्षा एक खाली अंथरा, झोप लागेल.

दुसरे दिवस काजव्यांचे : मे अखेरपासून मृगाचा पाऊस जमेपर्यंतचे जेमतेम तीन-चार आठवडे. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

जुलै-ऑगस्टात तंबूचा नाद करू नये. त्या दिवसांत इथे पाऊस पडतो म्हणण्यापेक्षा ढगच जमिनीवर उतरतात. ओढे घटकेत चढतात, पाण्याची पातळी रात्रीतून वाढते आणि तंबू ही काही वाऱ्यापुढे टिकणारी वस्तू नव्हे. धबधबे बघायचे तर बघा, पण रात्री पक्क्या छपराखाली, एखाद्या घरात नाहीतर पर्यटन महामंडळाच्या विश्रामधामात मुक्काम करा. मार्च-एप्रिलात गवत वाळून कोळ झालेले असते, ऊन तापते आणि वणव्याची भीती असते. अगदीच जायचे झाले तर जा, पण शेकोटीचे नाव काढू नका.

जागा बघूनच तंबू

तंबू कुठे लावलेला आहे, हे भाड्यापेक्षा महत्त्वाचे. पुष्कळांना पाण्याला अगदी खेटून जागा हवी असते, कारण फोटो चांगला येतो. पण धरणाचा काठ नदीच्या काठासारखा पक्का नसतो. पावसाळ्यानंतर पाणी जसे खाली जाते तसा गाळ उघडा पडतो. वरून तो वाळून भेगा पडलेला दिसतो, खाली मात्र ओलाच असतो. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत खचतो. रात्री थंड हवा सखल जागी साचते, दव पडते आणि पहाटे तंबू आतून घामेजतो. म्हणून पाण्यापासून बरेच दूर, चार-सहा हात उंचावर, वाऱ्याकडे पाठ करून लावलेला तंबू चांगला. पाणी तिथूनही दिसते.

वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ कधी फिरेल याचा नेम नाही. जुन्या वाळक्या झाडाखाली तंबू घेऊ नका. फांदी मोडते, वीज पडते. मेखा नीट ठोकलेल्या आहेत का, हे उजेडातच हलवून बघा. वारा सुटल्यावर अंधारात दोरी शोधण्यात मजा नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या डोंगरात बिबट्या आहे, रानडुक्कर आहे, आणि पावसाच्या तोंडाशी साप-विंचू बाहेर पडतात. घाबरण्याचे कारण नाही, सावध राहण्याचे आहे. रात्री हातात बॅटरी घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका, सकाळी बूट झटकून घाला, खरकटे तंबूत ठेवू नका. साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, झाडपाला लावणे असले काही करत बसू नका. माणसाला धीर देऊन, चावलेला हात किंवा पाय न हलवता ताबडतोब राजूरच्या ग्रामीण रुग्णालयाची वाट धरा. मुक्कामाच्या जागेपाशी मोबाइलला रेंज कुठे मिळते आणि रात्री गाडी कुणाची मिळेल, हे जेवणाआधीच विचारून ठेवलेले चांगले.

आणि पोहण्याचा मोह आवरा. ही सूचना नाही, विनंती आहे. राज्यातल्या धरणांवर दरवर्षी सहलीला आलेली तरणीताठी पोरे जातात. पोहता येत नव्हते म्हणून जातात, तशी पोहता येत असूनही जातात. त्याचे कारण समजून घ्या. हा तलाव म्हणजे बुडालेले खोरे आहे. पाण्याखाली जुन्या शेतांच्या पायऱ्या आहेत, ओढ्यांचे खळगे आहेत, झाडांचे बुंधे आहेत. कमरेएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल टाकावे तो थेट डोक्यावर पाणी. वरचे पाणी कोमट लागते, खालचे बर्फासारखे, त्यामुळे पायाला गोळे येतात. त्यात कोळ्यांनी पसरून ठेवलेली जाळी. पायाला एकदा जाळे गुरफटले की पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्याविषयी तर काय बोलावे! काठावर जीवरक्षक नाही, होडीतून जायचे तर अंगात तरंगणारे जाकीट मागून घ्या. ‘आम्हाला पोहता येतं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

जाळे, गळ आणि मासळी

पहाटे लवकर उठलात तर पाण्यावर काळे ठिपके सरकताना दिसतील. ट्रकची ट्यूब, तिच्यावर फळी आणि फळीवर बसून हाताने पाणी मारत जाणारा माणूस. रात्री लावलेले जाळे तो उचलायला निघालेला असतो. कुणी होडीतून येतो, कुणी थर्माकोलच्या तराफ्यावरून. उन्हे वर येण्याआधी जाळे काढायचे, मासळी सोडवायची आणि ती शेंडीकडे नाहीतर राजूरकडे धाडायची. बर्फाची सोय जवळ नसली की उशीर म्हणजे नुकसान.

आपल्याकडे धरणात मासा आपोआप होतो, असा पुष्कळांचा समज आहे. चिलापी तशी होते खरी. ती कुठेही अंडी घालते. पण रोहू, कटला, मृगळ हे बाजारात भाव खाणारे मासे साठलेल्या पाण्यात सहसा पैदास करत नाहीत, त्यांना वाहते पाणी लागते. म्हणून धरणांत मत्स्यबीज सोडावे लागते. आधी जिरे, मग बोटभर लांबीची बोटुकली, आणि बोटुकली सोडली तर जगण्याची आशा जास्त. राज्यातले जलाशय मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने देण्याची पद्धत आहे. बीज सोडायचे, ते वाढेपर्यंत दम धरायचा आणि मग जाळे टाकायचे. शेतीच म्हणा ना ही, फक्त बांध दिसत नाही.

गावठी मासळीचे गणित वेगळे. पहिल्या पावसात ओढे वाहू लागले की मासा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो. याला चढणीचा मासा म्हणतात. पोटात अंडी असलेला हा मासा ओढ्याच्या तोंडाशी जाळे आडवे लावून सहज धरता येतो, आणि तिथेच घोटाळा होतो. एका रात्रीची चंगळ झाली की पुढच्या साली ओढा रिकामा. मरळीची जोडी आपल्या पिलांच्या लालसर झुंडीभोवती राखण करत फिरते. तेव्हा तिला मारले तर अख्खी झुंड इतरांच्या तोंडी जाते. जाणते कोळी हे ओळखून आहेत. न जाणणारे त्यांच्यातही आहेत, हेही खरे.

पाहुण्यांनी इथे दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली म्हणजे, हौस म्हणून गळ घेऊन आलात तर तो पाण्यात टाकण्याआधी विचारा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले आणि काठाचा बराच भाग त्याच्या हद्दीत आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय मासेमारी करून भागत नाही. शिवाय पाण्यावर ज्यांचे पोट आहे त्यांना डावलून गळ टाकणे बरे दिसत नाही. दुसरी गोष्ट, तुटलेला नायलॉनचा धागा आणि गळ काठावर टाकून येऊ नका. त्यात पाणकोंबड्या, बगळे अडकतात, गुरांच्या पायात गळ रुततात.

मासे खायचेच असतील तर सकाळी जाळ्यावरून आलेले विकत घ्या. मधला व्यापारी जो भाव देतो त्याहून चार रुपये जास्त दिलेत तरी तुम्हाला शहरापेक्षा स्वस्तच पडतील, आणि पैसा थेट जाळेवाल्याच्या हाती जाईल. घासाघीस मात्र करू नका.

काजव्यांचे झाड

आता काजव्यांकडे वळू. मे संपता संपता, वळवाचे दोन-चार शिंतोडे पडले की सांदण-साम्रद, घाटघर, पांजरे, मुरशेतच्या रानात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी झाडे रात्री पेटल्यासारखी दिसतात. एका झाडावर हजारो काजवे, आणि तेही एका तालावर उघडझाप करणारे. अख्खे झाड क्षणात उजळते, क्षणात विझते. दिवाळीची रोषणाई हिच्यापुढे फिकी.

ही रोषणाई आपल्यासाठी चाललेली नसते. नर काजवा उजेडाची खूण करून मादीला बोलावतो, मादी उजेडानेच उत्तर देते. पोटातल्या रसायनांचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन हा प्रकाश पडतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. पंख फुटलेल्या काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे. त्या मुदतीत जोडी जमली नाही तर पुढची पिढी नाही. मादी ओलसर मातीत, पाचोळ्यात अंडी घालते. अळी जमिनीवर महिनोन् महिने काढते आणि गोगलगायी खाऊन जगते. गोगलगायी पिकाच्या कोंबावर कशा तुटून पडतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणजे काजवा हा शेतकऱ्याचा गडीच म्हणायचा.

आता या रानात शनिवारी रात्री काय होते, ते मनाशी आणा. गाड्यांची रांग, प्रखर दिवे, मोबाइलच्या बॅटऱ्या, झाडाच्या बुंध्याशी उभे राहून काढलेले फोटो, फांदी हलवणारी पोरे. उजेडाच्या माऱ्यात नराची खूण मादीला दिसत नाही. झाडाखालचा पाचोळा तुडवला जातो, तिथेच अंडी आणि अळ्या. काजव्यांच्या काही जातींच्या माद्यांना पंखच नसतात. त्या जमिनीवरच बसलेल्या असतात आणि बुटाखाली चिरडल्या जातात. ज्यासाठी आपण दीडशे-दोनशे किलोमीटर आलो, तेच पायाखाली मारून परत जायचे, याला काय म्हणावे?

यासाठी वनखाते हंगामात चौक्यांवर गाड्या तपासते, प्रवेशशुल्क घेते, वेळेचे बंधन घालते. त्या त्या साली काय नियम आहेत ते शेंडीच्या चौकीवर विचारून घ्या आणि वाद न घालता पाळा. गाडी रस्त्यावरच ठेवा, दिवे मालवा. बॅटरी लागलीच तर तिच्यावर लाल जिलेटीनचा कागद बांधून जमिनीकडे धरा. झाडापासून दूर, पायवाटेवर उभे राहा. मोबाइलमध्ये काजवे धड येतही नाहीत, तेव्हा तो खिशात राहिला तरी चालेल. शनिवार-रविवार टाळून अमावस्येच्या मागेपुढे एखादा आडवार निवडलात, तर गर्दीही नाही आणि काजवेही डोळे भरून दिसतील. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढा धीर धरा.

खाचरातली काच

वाचकहो, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. तुमचा तंबू ज्या सपाट, मऊ तुकड्यावर लावलेला असतो, तो पुष्कळदा भाताचे खाचर असतो. दिवाळीच्या सुमारास भात कापले की खाचर मोकळे होते. मग पुढचे काही महिने मालक तिथे तंबू लावतो आणि जूनमध्ये तंबू काढून त्याच जागी औत घालतो.

चिखलणी आणि लावणी अनवाणी चालते. घोटाभर चिखलात वाकून बाया रोपे लावतात. हातही चिखलात, पायही चिखलात. अशा चिखलात जानेवारीतल्या एखाद्या पार्टीत फुटलेल्या बाटलीची काच दडलेली असेल तर? तळपाय चिरतो, त्यात चिखल जातो, जखम चिघळते. ऐन लावणीत बाई आठवडाभर घरी बसली की तिची मजुरी बुडते आणि शेताची लावणी मागे पडते. बैलाच्या खुरात काच गेली तर आणखी वाईट. पाहुण्याला बाटली फुटलेली आठवतही नसते.

म्हणून काचेची बाटली काठावर नेऊच नका. प्लॅस्टिकच्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, द्रोण-पत्रावळीचा चकचकीत कचरा, सगळे एका पोत्यात भरून आपल्या गाडीतून परत न्या. डोंगरातल्या वाडीवर घंटागाडी येत नाही. तिथे टाकलेला कचरा एकतर जाळला जातो, नाहीतर पहिल्या पावसात वाहून धरणात जातो, आणि तेच पाणी पुढे कालव्याने खाली येते. खाली राहणाऱ्या वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे!

खाचराच्या बांधाचे दगड चुलीसाठी उपटू नका. बांध फुटला की माती वाहते, आणि ती माती साठायला पिढ्या गेलेल्या असतात. शेकोटी करायचीच तर मालकाने नेमून दिलेल्या चुलीवर, त्याने दिलेल्या लाकडांवर, आणि निजण्याआधी पाणी ओतून ती पुरती विझवा. रानातली फांदी तोडायची नाही. शौचाला तंबूवाल्याने संडास बांधलेला आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. नसेल तर दुसरा तंबूवाला बघा. तेच पाणी तिथल्या बाया भरतात.

राहिला गोंगाट. पाण्यावरून आवाज फार दूर जातो; या काठाला लावलेले गाणे त्या काठाच्या वाडीत ऐकू येते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हा कायदा शहरापुरता नाही. वाडीतला माणूस पहाटे चारला जाळे उचलायला उठणार असतो. त्याच्या उशाशी रात्री दोनपर्यंत ठणठणाट करायचा आणि सकाळी ‘काय शांत जागा आहे हो!’ म्हणायचे, हे बरे नव्हे.

पैसा कुणाच्या हाती

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, मग तंबूच बंद करा. तसे मुळीच नाही. भाताचे एक पीक निघाले की या डोंगरात काम उरत नाही. माणसे जोडीने, पोरांना घेऊन नारायणगावच्या मजूरबाजारात उभी राहतात, बागायतदारांच्या मळ्यांत टोमॅटो तोडायला जातात. घराला कुलूप लागते, पोराची शाळा सुटते. चार तंबू लावून, जेवण रांधून आणि वाट दाखवून एखाद्या घराचा हिवाळा निभावत असेल, तर ते घर गावात राहते. बालहिरडा गोळा करून जे मिळते त्याला ही चांगली जोड आहे. तंबूने हे साधते, म्हणूनच तो नीट चालला पाहिजे.

पण सगळे तंबू गावकऱ्यांचे नसतात. बाहेरच्याने जागा भाड्याने घ्यायची, जाहिरात करायची आणि जमिनीचा मालक तिथेच भांडी घासायला, असेही प्रकार धरणाकाठी दिसतात. ठरवताना एवढेच विचारा, ‘दादा, जागा तुमचीच का? जेवण कोण करतं?’ विचारायला काय जातं? उत्तरावरून कळते पैसा कुठे जाणार ते.

जेवणातही तेच. घोटीहून आणलेले पनीर आणि ब्रॉयलर कोंबडी तुम्हाला घरीही मिळते. इथे आलात तर नागलीची भाकरी, हुलग्याचे पिठले, खुरासणीची चटणी, वरईचा भात मागा. आदल्या दिवशी सांगितले तर काळभाताचा सुवासिक भातही मिळेल. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री मिळाली. ही बियाणी शेतात टिकायची तर त्यांना गिऱ्हाईक पाहिजे, आणि ते गिऱ्हाईक तुम्ही होऊ शकता.

गावांनीही काही गोष्टी हाती घ्याव्यात. हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, इथल्या ग्रामसभेला पेसा कायद्याने अधिकार दिले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर वनोपजाबरोबर पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्कही नमूद केलेला आहे. ग्रामसभेने एकत्र बसून ठरवावे : तंबू किती, कुठे, कचऱ्याचे पोते कोण नेणार, गाणे किती वाजता बंद, काजव्यांच्या रानात कुठवर जायचे. एकट्या तंबूवाल्याने नियम सांगितला तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाते. सगळ्या गावाचा एकच नियम असला तर गिऱ्हाईक मुकाट्याने पाळते. चढणीच्या माशाला दोन महिने अभय देण्याचा ठराव त्याच सभेत झाला, तर सोन्याहून पिवळे.

नाशिक-मुंबईकडून येणाऱ्यांनी घोटी, बारी, वारंघुशी फाट्यावरून शेंडी गाठावी. पुणे-नगरकडून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. अकोल्याहून एसटी आहे. रतनवाडीचे अमृतेश्वराचे हेमाडपंती मंदिर आणि शेजारची पुष्करणी बघायला विसरू नका.

निघताना पाच मिनिटे काढा. तंबूच्या जागेवर एक फेरी मारा आणि काही राहिले नाही ना, हे खाली वाकून बघा. जूनमध्ये त्याच जागी कुणीतरी अनवाणी उभे राहून भात लावणार आहे.